काम झालं नाही असं नाही

माझ्या लिहिण्यात ऱ्हस्वदीर्घाच्या चुका असतील, त्याची आधीच माफी मागते. अक्षरही चांगलं नाही. मोठं येतं आणि ओळ सोडून खाली उतरतं. चौथीत आमचे गुरुजी म्हणाले होते, "पोरी, तू अक्षरं काढतीस का बाजारात वांगी मांडतीस?" सगळा वर्ग हसला होता. तेव्हापासून कुणाच्या समोर लिहायचं म्हटलं की माझा हात अवघडतो. हे कुणी वाचणार नाही, तरी माफी मागून ठेवलेली बरी. कागदही नवे नाहीत. माझ्याकडं डब्याला असलेल्या क्लासच्या मुली वर्ष संपलं की परीक्षेचे पेपर माझ्याकडं रद्दीत टाकून जातात. त्यांची मागची बाजू कोरी असते.

मला माझ्या नवऱ्याबद्दल लिहायचं आहे. नाव घ्यायची सवय नाही, म्हणून 'हे' असंच लिहिते. हे सुतार होते. पण नांगर आणि तिफणी करणारे सुतार गावोगाव असतात. ह्यांच्या हातातून लाकडात माणसं यायची. पोळ्याला लेकरांसाठी लाकडी बैल करायचे, तर प्रत्येक बैल गावातल्या कुठल्या तरी खऱ्या बैलासारखा असायचा, आणि लेकरं ओळखायची की हा अमक्याचा मारका आहे.

आमचं गाव नायगाव तालुक्यातलं. माझं माहेरही तेच आणि सासरही तेच, मध्ये फक्त मारुतीचं देऊळ. मी चौथी पास झाले त्या वर्षी दुष्काळ पडला आणि मी आईबरोबर पाझर तलावाच्या कामावर माती वाहायला गेले. शाळा तिथंच संपली. त्या कामावर हजेरी घ्यायला एक बडे शेतकरी बसायचे. त्यांना सगळं गाव मालक म्हणायचं. हजेरीपटावर जितकी नावं होती तितकी माणसं कामावर नसायची. नसलेल्या माणसांचे अंगठे कोण उठवायचं ते सगळ्यांना ठाऊक होतं. असलेल्या माणसांना मात्र पगार वाटताना आठवडे गाळले जायचे. माझ्या आईचे पाच आठवडे गेले. तिनं एकदा विचारलं, तर मालक म्हणाले, "तुझा अंगठा हाय की इथं. घेतलेस की पैसे." आई घरी येऊन म्हणाली, "मालकाला देवानं अंगठे लई दिलेत." ती हे गमतीनं म्हणाली होती. पुढं कित्येक वर्षं आमच्या घरात ती गंमत चालू होती. लग्नानंतर मी ती ह्यांनाही सांगितली. सांगितली नसती तर बरं झालं असतं, असं मला पुढं फार वेळा वाटलं.

लग्नाला आठ-नऊ वर्षं झाली असतील तेव्हा देवळाला नवं दार करायचं ठरलं. पंचांनी ह्यांना बोलावून नारळ दिला आणि एक हजार एक रुपये इसार दिला. इसार घेतला की काम बांधलं गेलं, मग दोघांपैकी कुणाला मागं फिरता येत नाही. फिरलं तर इसार परत करायचा आणि तोंडानं कबूल करायचं की काम झालं नाही. आमच्याकडं अशी रीत होती. लाकूड देवळाचं होतं, किनवटचा सागवान, ट्रकमधून आणलेला. दोन फळ्या, प्रत्येकीवर चार चौकोन. सात चौकोनांत देव, हत्ती, मोर, वेल. आठव्यात मालकांनी गावासाठी बांधलेला तलाव काढायचा होता, कारण पंचांत मालकच मोठे होते आणि वर्गणीही त्यांचीच जास्त होती.

ह्यांनी आठ महिने काम केलं. मी फळीच्या टोकावर बसून ती दाबून धरायची आणि हे पटाशीनं कोरायचे. सात चौकोन असे झाले की नायगावची माणसं पाहायला यायची. आठव्यावर ह्यांनी पोतं टाकून ठेवलं होतं. एकदा हे जेवायला बसले तेव्हा मी पोतं उचललं. तलाव होता. पाट्या वाहणाऱ्या बायांची रांग होती. त्यातल्या दुसऱ्या बाईची मान जरा डावीकडं कललेली होती, पाटी उचलताना आईची कलायची तशी. आणि बांधावर मांडी घालून एक माणूस बसला होता, पुढ्यात हजेरीपट, आणि त्याच्या दोन्ही हातांना बोटं नव्हतीच, नुसते अंगठे होते.

मी म्हणाले, "हे काय काढलंत?"

"तुझ्या आईनं सांगितल्यालं."

"पुसा की हे."

"लाकडावरचं पुसत न्हाई," हे म्हणाले आणि भाकरी मोडली.

मला भांडता येत नाही. भांडायला आधी आवाज निघावा लागतो.

दार बसवलं त्या दिवशी सगळं गाव जमलं होतं. सनई होती, गूळ वाटला. बाया दाराला हळदकुंकू लावत होत्या. त्यात एक म्हातारी होती, तिला कमी दिसायचं, म्हणून ती सगळं हातानं चाचपून बघायची. ती खाली बसली आणि आठव्या चौकोनावर हात फिरवत मोठ्यानं मोजायला लागली. बारापर्यंत मोजून ती म्हणाली, "अगं बाई, बारा अंगठे. हे तर आपले मालक."

आधी एक बाई हसली. मग सगळे हसले. सनईवालाही वाजवायचा थांबला. मालकही हसले, पण ते सगळ्यांच्या नंतर हसले आणि सगळ्यांच्या आधी थांबले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंच बसले. ह्यांना उभं केलं. मी देवळाच्या बाजूला बायांत उभी होते. मालक रागावले नव्हते, हेच मला भयंकर वाटलं. ते म्हणाले, "रंधा आणलास का? मार एक हात. पाच मिनिटाचं काम हाय."

हे जागचे हलले नाहीत.

"बरं, ते जमत न्हाई तर म्हण, काम झालं न्हाई. इसार परत दे, लाकडाचं भर. चूक कुणाकडून होत न्हाई?"

हे म्हणाले, "काम झालंय, मालक."

"काम झालं न्हाई म्हण."

"झाल्यालं काम झालं न्हाई कसं म्हणू?"

मग एक पंच ओरडला की मग गावात कसा राहतोस तेच पाहू. इसाराचे आणि लाकडाचे मिळून अकरा हजार ठरले. ते भरून, काम झालं नाही असं लिहून देईपर्यंत वेशीच्या आत पाय ठेवायचा नाही, असं ठरलं.

घरी आल्यावर मी ह्यांच्या पायाशी बसले. म्हणाले, "मारा ना रंधा. लाकूडच आहे ते." ह्यांनी माझ्याकडं पाहिलं. ते रागानं बघत नव्हते. मी दुसऱ्या कुणाची तरी भाषा बोलते आहे आणि ती ह्यांना समजत नाही, असं ते बघणं होतं. पुढच्या आठ दिवसांत गिरणीवाल्यानं आमचं दळण परत दिलं. किराणा मिळेना. ह्यांच्याकडं तिफण घेऊन कुणी येईना. नवव्या दिवशी आम्ही अवजारांचं पोतं आणि दोन गाठोडी घेऊन एस.टी.त बसलो. सोडायला फक्त आई आली. तिला मी त्या चौकोनाबद्दल घाबरत घाबरत सांगितलं होतं. ती जावयाला म्हणाली, "माझी मान बराबर काढलीस, बाबा." मग पदर तोंडाला लावून बाजूला झाली.

नांदेडला एका लाकडाच्या वखारीत हे मापाडी म्हणून राहिले. लाकूड मोजायचे, चिरायला लावायचे. कोरायचं काम नव्हतं. तिथून गाव काही लांब नाही. नायगावची गाडी आमच्या खोलीवरून जायची, तिची पाटी वाचता येण्याइतकं मला शिकवलेलं होतं. रोज वाचायची. माहेर एक तासावर आणि जाता येत नाही, हे ज्याला कळेल त्याला कळेल. जबरदस्तीनं गेले असते तर मला कुणी मारलं नसतं. पण आईचंही दळण बंद झालं असतं.

मग गणपती बुडाले त्याच्या दुसऱ्या दिवशी किल्लारीकडं भूकंप झाला. नांदेडलाही भांडी वाजली. थोड्या दिवसांनी तिकडं सुतार पाहिजेत म्हणून एक ठेकेदार माणसं गोळा करायला आला. आम्ही गेलो. आधी पत्र्याच्या शेडी, मग सिमेंटची घरं. हे दारंखिडक्या बसवायचे आणि मी मजुरांच्या भाकरी करायची.

तिथं मी काय पाहिलं ते लिहिणार नाही, मला ते येणार नाही. एवढंच लिहिते की दगडमातीच्या भिंती पडल्या होत्या, माळवदं माणसांवर बसली होती, पण लाकूड बहुतेक शाबूत होतं. ढिगाऱ्यातून खांब, तुळया, चौकटी निघत होत्या. नव्या घरांना त्यांचा उपयोग नव्हता. व्यापारी येऊन किलोच्या भावानं नेत होते.

एक दिवस एक म्हातारा शेतकरी एक खांब बैलगाडीत घालून आला. ह्यांच्या हातात पटाशी बघून थांबला. म्हणाला, "मिस्त्री, ह्याच्यावर माझी माणसं काढता का? नऊ हायती."

ह्यांनी दुपारची सुट्टी धरून चार दिवसांत त्या खांबावर नऊ माणसं काढली. मोठी, लहान, एक कडेवरचं. म्हातारा आला. त्यानं पाहिलं आणि म्हणाला, "तोंडं कामून न्हाई काढली?"

"मी पाहिली न्हाईत त्यांना. खोटी कशाला काढू?"

म्हाताऱ्यानं मग एकेकावरून बोट फिरवलं आणि एकेकाचं नाव घेतलं. नऊ नावं. त्याला तोंडांची गरजच नव्हती. पैसे विचारले तर हे नको म्हणाले. त्यानंतर माणसं रोज येऊ लागली. कुणी उंबरा आणायचं, कुणी चौकटीचा तुकडा. जेवणाच्या सुट्टीत आमच्या शेडीपुढं दवाखान्यासारखी रांग लागायची. ह्यांचा चेहरा त्या दिवसांत मोकळा असायचा. असं लिहिताना मला वाईट वाटतं, कारण आजूबाजूला सगळं दुःख होतं. पण खरं आहे.

ते टिकलं नाही. नव्या घरांना जी दारं येत होती त्यांचं लाकूड ओलं होतं. कुणी साहेब पाहणीला आले आणि त्यांनी सहज विचारलं, "काय मिस्त्री, दारं चांगली आहेत ना?" सगळ्या सुतारांनी माना डोलावल्या. हे म्हणाले, "पहिल्या पावसात फुगतील, साहेब. आतला माणूस आत राहील." साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि गाडीत बसले. संध्याकाळी ठेकेदारानं आमचा हिशोब करून हातात दिला. म्हणाला, "तुमची जीभ तुमाला कुटंच राहू देणार न्हाई, मिस्त्री." मी आतून ऐकत होते. मला वाटलं, हा परका माणूस आहे, आणि ह्याला चार महिन्यांत कळलं.

तिथून आम्ही लातूरला आलो. डाळमिलीच्या मागं एक खोली मिळाली. भिंतींवर कायम तुरीच्या सालपटाची धूळ असायची. हळूहळू शहरात क्लास वाढायला लागले. डॉक्टर, इंजिनियर व्हायला लांबलांबून मुलं येऊ लागली. घरमालकांनी एका खोलीच्या चार केल्या. ह्यांना काम भरपूर मिळालं, पण कसलं? प्लायवूडच्या भिंती, दोन फूट रुंदीची टेबलं, एकावर एक पलंग. "माणसाला कप्प्यात ठिवायलेत," असं हे म्हणायचे. प्लायवूडवर पटाशी चालत नाही, पापुद्रे निघतात. टेबलाचे पाय आणि खालची पट्टी तेवढी लाकडाची असायची. त्या पट्टीवर आतल्या अंगानं, जिथं कुणाचा डोळा जात नाही, तिथं हे एकेक पाखरू कोरायचे. चिमणी, होला, टिटवी. मला ते कळलं ते माझ्या डब्यामुळं. मी मुलींना जेवणाचे डबे द्यायला लागले होते. एक मुलगी म्हणाली, "मावशी, माझ्या टेबलाच्या खाली हाताला काहीतरी लागतं. पेपरच्या आधी मी त्याच्यावर बोट ठेवते." मी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "कोनचं लागलं तिला?" मी म्हणाले, माहीत नाही. हे दिवसभर म्हणत होते, "होला आसंल. तिकडच्या खोलीत होला हाय."

डब्यांचे पैसे माझ्या हातात यायचे. पहिल्यांदाच माझ्या हातात पैसे होते. आईला पाहून आठ वर्षं झाली होती. मी ठरवलं की त्या अकरा हजारांतले थोडे थोडे पंचांना पाठवायचे. ह्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर हे नको म्हणाले असते, आणि त्यांचं नको मला मोडता येत नसे. पण मला ह्यांना खाली पाडायचंही नव्हतं. पैसे द्यायचे, पण काम झालं नाही असं द्यायचं नाही. मी दळताना, थापताना ते वाक्य मनात जुळवलं. 'पैसे पाठवले आहेत, पण काम झालं नाही असं नाही.' मला ते फार चांगलं वाटलं होतं.

पोस्टात मनीऑर्डरचा फॉर्म घेतला. निरोप लिहायला खाली एक तुकडा असतो, चार बोटांएवढा. मागं रांग होती. कुणीतरी माझ्या खांद्यावरून बघतंय असं वाटत होतं, त्यामुळं अक्षर नेहमीपेक्षा मोठं आलं. 'पैसे पाठवले आहेत पण काम झालं नाही' इथं तुकडा संपला. दुसरा फॉर्म मागायची लाज वाटली. मी कागद उलटला आणि मागं लिहिलं, 'असं नाही'. खिडकीतल्या माणसानं पैसे मोजून घेतले आणि तुकड्याच्या मागच्या बाजूवर धाडकन शिक्का मारला. शाई ओली होती. 'असं नाही' शिक्क्याखाली गेलं, मला ते दिसलं. मी पावती घेऊन निघाले.

महिन्याभरात गावाकडून एकाच्या हाती निरोप आला. आई अंथरुणाला लागली आहे, तुला यायला हरकत नाही, पंच काही म्हणणार नाहीत. तुला, म्हणजे मला एकटीला. एवढ्या सहज वेस कशी उघडली हे मला तेव्हा कळलं नाही. आनंदात कळत नाही. ह्यांना वाटलं, आजारपण म्हणून दया आली असेल. ह्यांनीच मला गाडीत बसवून दिलं आणि आईसाठी डाळिंबं दिली.

आई खाटेवर चिंधीसारखी पडली होती. मी तिचे पाय धरले. तिनं डाळिंबं बाजूला सारली. मग म्हणाली, "तुझं कागुद वाचलं पारावर."

"काय वाचलं?"

"काम झालं न्हाई म्हणून लिवलंस म्हणं. मालकांनी समद्यांना वाचून दावलं. त्याच्या बायकूनंच लिवून दिलं म्हणले."

मी म्हणाले, "मागं लिहिलं होतं गं. मागच्या बाजूला." पण तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. कागदाला मागची बाजू असते आणि तिथंही लिहितात, हे तिला कसं समजावणार?

ती म्हणाली, "माझी मान हाय त्याच्यात. अन् तू म्हंतीस काम झालं न्हाई."

मी तीन दिवस राहिले. तिचं सगळं केलं. ती माझ्या हातचं खायची, पण ते वाक्य तिनं परत काढलं नाही आणि मलाही परत सांगता आलं नाही. पारावर जाऊन चार माणसांत ओरडून सांगायला पाहिजे होतं. मी पारावरून दोनदा गेले, डोक्यावरचा पदर पुढं ओढून. मी लातूरला आल्यावर बाराव्या दिवशी आई गेली. कार्ड मिळालं तेव्हा दहावाही होऊन गेला होता.

ह्यांना मी सांगितलं नाही. दर दोन-तीन महिन्यांनी पैसे मात्र पाठवत राहिले. निरोपाच्या जागी काही लिहीत नव्हते. थांबावं असं वाटायचं, पण आधीचे वाया जातील असंही वाटायचं.

अशी चार वर्षं गेली. मग गावातला एक शेतकरी मुलीला क्लासला घालायला लातूरला आला आणि डबा लावायला आमच्याच दारात उभा राहिला. ह्यांना बघून त्याला फार आनंद झाला. चहा झाला. गावाकडच्या गप्पा झाल्या. तो साधा माणूस होता, त्याच्या मनात काही नव्हतं. तो म्हणाला, "दादा, आता या की गावाकडं. कोण काय म्हणतंय? वैनीनं तर लिवूनबी दिलंय. पैसेबी यायलेत."

ह्यांनी विचारलं, "काय लिवून दिलंय?"

"हेच की, काम झालं न्हाई म्हणून. आता राग कुनाला हाय? मालकबी थकले."

माझ्या हातात कपबशा होत्या. मी तशीच उभी राहिले. ह्यांनी त्या माणसाला डब्याचा भाव सांगितला, मुलीला भाकरी चालते का चपाती ते विचारलं, रिक्षापर्यंत सोडून आले. आल्यावर पटाशीला धार लावायला बसले. दगडावर पाणी शिंपडलं. मी उंबऱ्यात बसून म्हणाले, "मागच्या बाजूला लिहिलं होतं. असं नाही, म्हणून. शिक्का बसला."

हे धार लावत राहिले. मग म्हणाले, "जागा पुरली नसंल. तुझं अक्षर मोठं हाय."

एवढंच. मला वाटलं होतं हे ओरडतील, नाहीतर अबोला धरतील. त्यातलं काही झालं असतं तर मला रडता आलं असतं. थोड्या वेळानं मी विचारलं, "पाठवू, का बंद करू?"

"किती गेले?"

"सहा हजार."

"काम अर्ध्यात सोडू नये," हे म्हणाले. मग स्वतःशीच हिशोब करायला लागले. इसार परत गेला, लाकडाचे पैसे फिटले, म्हणजे मग दार कुणाचं? "आपलं की. लाकूड आपलं, काम आपलं. आणू इकडं. या भिंतीला उभं करू." ह्यांनी उठून भिंत वितीनं मोजली. एक फळी बसत होती. दुसरी आडवी ठेवावी लागली असती. त्या दिवसापासून निम्मे पैसे हे द्यायला लागले.

नऊ हजार झाले तेव्हा ह्यांच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात आणि उजवा पाय. बोलणंही निम्मं गेलं. सरकारी दवाखान्यात महिनाभर होते. त्यानंतर तीन वर्षं हे खाटेवर होते, आणि त्या तीन वर्षांत गावाला एक रुपया गेला नाही, सगळं औषधात आणि मालिशवाल्यात गेलं. मी डबे वाढवले. सकाळी सव्वीस, संध्याकाळी सव्वीस. मुली डबा न्यायला यायच्या तेव्हा ह्यांना नमस्कार करायच्या आणि पेपर कसा गेला ते सांगायच्या. हे ऐकायचे. डाव्या हातात पटाशी द्या म्हणून खूण करायचे. दिली की नुसती धरून बसायचे. कधीकधी समोरच्या भिंतीकडं बघून म्हणायचे, "दा... दार?" मी म्हणायची, "आणू. थोडे राहिलेत." किती राहिलेत हे त्यांना माहीत होतं. बोटं दाखवायचे. दोन.

हे गेले तेव्हा दोन हजार राहिले होते.

ह्यांच्या वर्षश्राद्धानंतर मी ते पूर्ण जमवले आणि पोस्टानं न पाठवता स्वतः गेले. मालक कधीच वारले होते. त्यांचा मुलगा देवळाचं बघत होता, देवळाची छापील पावतीबुकं होती, संगमरवर बसवला होता. दार लोखंडी सरकतं होतं. मी आधी जुन्या दाराचं विचारलं. त्याला आठवायला वेळ लागला. एक फळी कधीतरी होळीत गेली, म्हणाला. दुसरी गोठ्यात आहे.

मी गोठ्यात गेले. फळी आडवी करून गव्हाणीला लावली होती. आठवा चौकोन त्याच फळीवर होता. त्याच्यावर कुणीतरी रंधा मारलेला होता, पण ह्यांनी खोल कोरलं होतं, त्यामुळं तळ राहिला होता. पेंडीच्या चवीनं जनावरांनी चाटून चाटून बाकीचं गुळगुळीत केलं होतं. बायांची तोंडं गेली होती. दुसऱ्या बाईची मान होती. मी हात लावून पाहिला. अंगठ्यांच्या जागी खड्डे होते. त्या म्हातारीसारखे मी मोजले. अकरा लागले. बारावा सापडला नाही.

परत येऊन मी त्याला म्हणाले, "आज पैसे पूर्ण होतात. म्हणजे ते दार आमचं झालं."

तो म्हणाला, "न्या की, काकू. आमची काय ना न्हाई. कशात न्यायलात?"

मी एस.टी.नं आले होते. सागवानाची फळी, सहा फूट. मला एकटीला ती एका कडेनंसुद्धा उचलता आली नसती, आणि खोलीही आता बदलली होती, तिथं ती भिंत नव्हती. मी म्हणाले, "राहू द्या." हे मी कसं म्हणाले ते मला अजून कळत नाही.

त्यानं पावतीबुक उघडलं. मी पैसे बाहेर काढले. माझा आवाज फार बारीक आला असणार, कारण त्यानं दोनदा "काय?" म्हणून विचारलं. मी म्हणाले, "पावतीवर लिहा, काम झालं होतं."

तो चांगला होता बोलायला. हसला नाही. पावतीवरची तपशिलाची ओळ त्यानं मला बोटानं दाखवली. "काकू, एवढ्यात कुटं मावतंय ते?" त्यानं लिहिलं, जुनी बाकी जमा. मी वाचलं. अक्षर बारीक होतं, ओळीत होतं. मी दोन हजार रुपये त्याच्या हातात मोजून दिले, त्यानं परत मोजले आणि पावती फाडून दिली. अकरा हजार पूर्ण फिटले.